नाही म्हणणारा हिशेबनीस: हिशेबाच्या उच्च शिक्षणाची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, हे जमाखर्चाचं काय काढलंत?' प्रश्न रास्त आहे. मी काही हिशेबनीस नाही. माझ्या घरच्या वाणसामानाचा हिशेबसुद्धा आमची सौभाग्यवती ठेवते आणि महिन्याच्या शेवटी मला फक्त निकाल सांगते. तरीही आजचा विषय हाच आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक ताजं आणि एक जुनं.

ताजं कारण आमच्या सोसायटीतली एक मुलगी. बी.कॉम. झालेली, एका कंपनीच्या हिशेब खात्यात पाच वर्षं काम करते आहे. गेल्या महिन्यात घरी आली आणि म्हणाली, 'काका, ऑफिसात सगळे सांगतात एम.बी.ए. कर, अकाउंटिंग-फायनान्स घे, त्याशिवाय वर जाता येणार नाही. दोन वर्षं जातील, पगार बुडेल, कर्ज काढावं लागेल. करू का?' मी तिला म्हटलं, बाई गं, तू चुकीच्या दारात आलीस. पण ती गेल्यावर मी विचार करत बसलो. ही पदवी आली कुठून? ती शिकवते काय? हिशेब लिहायला विद्यापीठाची गरज कधीपासून पडायला लागली?

जुनं कारण माझे वडील. त्यांच्याबद्दल थोड्या वेळाने सांगतो. आधी इतिहास.

हिशेब लिहिणं ही काही युरोपातून आलेली गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अक्षपटल' नावाच्या हिशेब कचेरीवर वेगळं प्रकरण आहे. वर्षाचे हिशेब आषाढात हजर करायचे, असा दंडक आहे. आणि त्याला लागूनच सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. मला नेहमी वाटतं, चाळीसपर्यंत मोजणाऱ्या माणसाने बरंच काही डोळ्यांनी पाहिलेलं असणार. म्हणजे हिशेबाचं शास्त्र आणि हिशेबातली लबाडी ही जुळी भावंडं आहेत. एकाचा जन्म झाला की दुसऱ्याचा झालाच.

आपल्याकडे शिवकाळात मुजुमदार म्हणजे अमात्य हा जमाखर्चाचा प्रमुख. पेशवाईत फडणीस. हा शब्द मूळचा फारसी, फर्द-नवीस, म्हणजे फर्द अथवा यादी लिहिणारा. नाना फडणवीसांचं घराण्याचं आडनाव भानू. फडणीस हा त्यांचा हुद्दा. राज्याचा एवढा मोठा कारभारी हुद्द्याने हिशेबनीस होता हे आपण विसरतो. कागद ज्याच्या हातात, कारभार त्याच्या हातात, हे त्या काळच्या माणसांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही मोडीतले जे असंख्य कागद आहेत, त्यांतला मोठा भाग हिशेबाचाच आहे. आपल्या बोलण्यातही ते शब्द राहिले आहेत: कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. रोजचा व्यवहार कीर्दीत, माणसावार आणि खात्यावार मांडणी खतावणीत, सगळ्या बाक्या एकत्र जुळवून पाहणं म्हणजे तेरीज, आणि शेवटी ताळेबंद. 'हातचा राखून बोलणं' हा वाक्प्रचार तर थेट बेरजेतून आलेला.

ही विद्या शिकायची कुठे? शाळेत नाही. पेढीवर किंवा फडात. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बापाशेजारी, मामाशेजारी बसायचा. आधी बोरू करून द्यायचा, मग नकला, मग बेरजा. म्हणजे ही विद्या घराण्यात राहायची, जातीत राहायची. ज्याच्या घरात पेढी नाही, ज्याला फडात बसू देत नाहीत, त्याला ती मिळायची नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिकडे काय चाललं होतं ते पाहू. इटलीतल्या व्यापारी शहरांत दुहेरी नोंदीची पद्धत चौदाव्या शतकात चांगली रुळली होती. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पॅचिओली नावाच्या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूने गणितावर एक जाडजूड ग्रंथ छापला, त्यात एक भाग या पद्धतीवर आहे. पॅचिओलीने पद्धत शोधली नाही, त्याने ती लिहून काढली. एवढ्यानेच एक मोठी गोष्ट झाली. जी विद्या आतापर्यंत शेजारी बसून मिळत होती, ती पुस्तकातून मिळायला लागली. पेढी नसलेल्या घरातला माणूसही ती वाचू शकत होता.

दुहेरी नोंदीचा गाभा तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा जमेला आणि एकदा नावे. कुठे काही आलं म्हणजे कुठून तरी ते गेलेलं असणारच. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला यात जे दिसतं ते असं: ही पद्धत माणसाला एकतर्फी विधान करूच देत नाही. 'माझ्याकडे हजार रुपये आहेत' एवढं म्हणून चालत नाही. 'ते कोणाचे, कशाबद्दल' हेही त्याच वेळी सांगावं लागतं. पण एक सावधगिरी हवी. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा, असं मात्र नाही. खोटी नोंदसुद्धा दोन्हीकडे सारखी लिहिली की तेरीज बिनचूक जुळते. पद्धत चूक पकडते. खोटं पकडायला माणूस लागतो.

मग तो माणूस घडवायचा कसा? इथे इंग्रजी जगात दोन रस्ते फुटले. पहिला रस्ता स्कॉटलंडचा. १८५४ मध्ये एडिंबरोच्या हिशेबनिसांच्या संस्थेला राणीची सनद मिळाली. 'चार्टर्ड' म्हणजे सनदी, तो शब्द तिथला. १८८० मध्ये इंग्लंड आणि वेल्सची संस्था निघाली. त्यांची कल्पना साधी होती: पाच वर्षं एखाद्या जाणत्या हिशेबनिसाच्या हाताखाली उमेदवारी, आणि परीक्षा. विद्यापीठाचा संबंध नाही. उलट उमेदवारालाच गुरूकडे मोठी रक्कम भरावी लागे. म्हणजे आपली पेढीच, फक्त दारावर सनदेची पाटी.

पण त्या पाटीने एक मोठा बदल केला. पेढीवरचा मुनीम मालकाचा माणूस असतो. सनदी हिशेबनीस मालकाकडून पैसे घेतो, पण त्याला आपल्या संस्थेलाही उत्तर द्यावं लागतं. खोट्यावर सही केली तर सनद जाईल, ही भीती त्याला असते. आणि मालकाने दबाव आणला तर 'माझी सनद जाईल, मी सही करणार नाही' असं म्हणायची सोयही असते. माझ्या मते हिशेबाच्या पेशाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. माणसाला 'नाही' म्हणायला जागा मिळाली.

दुसरा रस्ता अमेरिकेचा. तिथे १८८१ मध्ये जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीने फिलाडेल्फियात विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि व्यापारशिक्षणाची शाळा काढली. १९०० मध्ये डार्टमथला टक स्कूल निघालं, ते पदवीनंतरच्या शिक्षणाचं. आणि १९०८ मध्ये हार्वर्डने एम.बी.ए. ही पदवी सुरू केली. तिचा पहिला डीन एडविन गे हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक होता. पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांत हिशेबशास्त्र होतंच.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण आमच्या सोसायटीतल्या मुलीच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. सनदी हिशेबनीस हिशेब कशासाठी शिकतो? जाब देण्यासाठी. दुसऱ्याचा पैसा याच्या हातात होता, त्याचं काय झालं ते सांगण्यासाठी. एम.बी.ए.चा विद्यार्थी तोच हिशेब कशासाठी शिकतो? निर्णय घेण्यासाठी. कारखाना काढावा की विकावा, भाव किती ठेवावा, कर्ज किती काढावं. हार्वर्डच्या पद्धतीत विद्यार्थ्यापुढे एखाद्या कंपनीची खरी हकीकत ठेवतात आणि विचारतात, तू या खुर्चीत असतास तर काय केलं असतंस? म्हणजे तो पहिल्या दिवसापासून मालकाच्या खुर्चीत बसतो. एकाच वहीकडे दोघं बघतात. एक टेबलाच्या या बाजूने, एक त्या बाजूने. दोन्ही बाजू लागतात. पण त्या दोन आहेत, हे विसरून चालत नाही.

आता मुंबईला येऊ. १९१३ हे साल डोक्यात ठेवा. त्या एका वर्षात चार गोष्टी घडल्या. एक, हिंदुस्थानचा नवा कंपनी कायदा झाला. सार्वजनिक कंपन्यांची तपासणी करणाऱ्याकडे सरकारी प्रमाणपत्र हवं, असं त्यात आलं. दोन, ऑक्टोबरात मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, वाणिज्याच्या पदवीपर्यंत नेणारं देशातलं पहिलं कॉलेज. त्याच्या उभारणीत के. एस. अय्यर यांचा मोठा वाटा; भारतातल्या हिशेबशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तीन, नोव्हेंबरात मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. चांदीच्या सट्ट्यात तिचा पैसा अडकला होता. त्याआधी लाहोरची पीपल्स बँक बुडाली होती, आणि पुढची काही वर्षं स्वदेशीच्या उत्साहात निघालेल्या कितीतरी बँका एकापाठोपाठ एक बुडत गेल्या. ज्या शहरात लोक हिशेब शिकायला कॉलेजात जाऊन बसले, त्याच शहरात महिन्याभराने ठेवीदार बँकेच्या दाराशी उभे होते. या दोन गोष्टींनी एकमेकींना जन्म दिला असं मी म्हणणार नाही. पण गरज कशाची होती, हे त्या बंद दारावर लिहिलेलं होतं. चौथी गोष्ट शिकागोची आहे, ती शेवटी सांगतो.

१९१८ मध्ये मुंबईत सरकारी हिशेब पदविका सुरू झाली, तिलाच जी.डी.ए. म्हणत. परीक्षा द्यायची, मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, मग प्रमाणपत्र. विलायतेला न जाता हा पेशा करता यायला लागला.

त्याच १९१८ मध्ये सिडनहॅममध्ये राजकीय अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेले. एम.ए.ला त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर लिहिलं होतं. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांचा ग्रंथ आला. म्हणजे सरकार नावाच्या पेढीची वही तपासणारा हा माणूस. डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांच्या चरित्रांत नोंद आहे की प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२० मध्ये ते कॉलेज सोडून अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले.

मी मघाशी म्हटलं होतं, लक्षात ठेवा. कॉलेजने पेढीची भिंत फोडली, यात शंका नाही. मामा-काका नसलेला मुलगाही फी भरून हिशेब शिकू शकला. पण दार उघडलं आणि उंबरठा राहिला. राज्याचा जमाखर्च समजणाऱ्या माणसाने पाणी कुठल्या भांड्यातून प्यावं, याचा हिशेब ठेवणारे लोक त्याच कॉलेजात होते.

दुसरं उदाहरण मद्रासचं. आर. शिवभोगम नावाच्या तरुणीने १९३३ मध्ये जी.डी.ए. पूर्ण केलं. भारतातली पहिली महिला सनदी लेखापाल म्हणून आज त्यांचं नाव घेतात. त्या स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात जाऊन आल्या होत्या, आणि तुरुंगवास झालेल्यांना नोंदणी मिळू नये असा नियम आडवा आला. त्या कोर्टात गेल्या, झगडल्या, आणि नोंदणी मिळवली. हिशेबाच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा मोठी होती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा सनदी लेखापाल कायदा आला आणि १ जुलैला संस्था उभी राहिली. म्हणजे आपण स्कॉटलंडचा रस्ता धरला. मग १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादला व्यवस्थापन संस्था निघाल्या. अहमदाबादला हार्वर्डचं सहकार्य होतं. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था आली, स्टॅनफर्डच्या सहकार्याने. म्हणजे अमेरिकेचाही रस्ता धरला. दोन्ही रस्ते आपल्याकडे शेजारी शेजारी चालतात, आणि विद्यापीठांचं एम.कॉम. हा तिसरा, जुना, स्वस्त रस्ता त्यांच्या मधून जातो. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए.ला पदव्युत्तर पदवीची बरोबरी दिली. सनदेला शेवटी पदवीची टोपी मिळाली.

अमेरिकेत याच्या उलट झालं. तिथल्या हिशेबनिसांच्या संस्थेने १९८८ मध्ये ठरवलं की चार वर्षांची पदवी पुरे नाही, एकूण दीडशे तासांच्या श्रेयांकाइतकं शिक्षण हवं. साधी पदवी एकशेवीसची. मग हे वरचे तीस आणायचे कुठून? हळूहळू बहुतेक राज्यांनी तो नियम केला आणि विद्यापीठांनी एक जादा वर्ष आखून दिलं: कोणी हिशेबशास्त्राची मास्टर्स केली, कोणी हिशेबाची विशेष शाखा घेऊन एम.बी.ए. आज आपली मुलं तिकडे हा अभ्यासक्रम करायला जातात, त्याच्यामागे हा तीस तासांचा हिशेब आहे. आणि गंमत बघा, अलीकडे काही राज्यांनी पुन्हा पर्यायी रस्ता उघडला आहे: पदवी घ्या आणि जादा वर्ष वर्गात बसण्याऐवजी कामावर काढा. म्हणजे फिरून उमेदवारी! विद्या वर्गात की पेढीवर, हा वाद दीडशे वर्षांत मिटलेला नाही.

आता शिकागोची गोष्ट. १९१३ मध्येच तिथे आर्थर अँडरसन नावाच्या तरुणाने हिशेब तपासणीची फर्म काढली. तो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवायचा. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. सुरुवातीच्या दिवसांत एका रेल्वे कंपनीने आपल्याला सोयीचा हिशेब मान्य कर म्हणून दबाव आणला. गिऱ्हाईक मोठं, फर्म लहान. अँडरसनने साफ नकार दिला आणि गिऱ्हाईक गमावलं. त्या नकारावर पुढे जगभर पसरलेली फर्म उभी राहिली.

आणि २००२ मध्ये ती फर्म बुडाली. कशामुळे, ते आपल्या कोकणाला सांगायला नको. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव आपल्या घराघरांत होतं. त्या एन्रॉनने कर्ज लपवलं, नफा फुगवला, आणि डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं काढलं. तिचे तपासनीस होते अँडरसन. २००० साली एन्रॉनने या फर्मला सुमारे पाच कोटी वीस लाख डॉलर दिले. त्यांतले निम्म्याहून अधिक तपासणीचे नव्हते, सल्ल्याचे होते. बघा, टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला. जाब घेणारा तोच आणि निर्णयाला मदत करणारा तोच. नकारावर उभी राहिलेली फर्म होकारात बुडाली.

आता पदव्या पाहू. एन्रॉनचा मुख्य कार्यकारी अधिकारी जेफ्री स्किलिंग हार्वर्डचा एम.बी.ए. वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो, तोही एम.बी.ए. आणि ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्षाला पत्र लिहून, हे हिशेब आपल्याला बुडवतील असा इशारा देणारी शेरॉन वॉटकिन्स? तिच्याकडे हिशेबशास्त्रातली मास्टर्स. २००२ मध्ये वर्ल्डकॉम कंपनीतला घोटाळा बाहेर काढणारी तिथली अंतर्गत तपासनीस सिंथिया कूपर? तिच्याकडेही हिशेबशास्त्रातली मास्टर्स. तिथे चालू खर्च मालमत्ता म्हणून लिहिला होता, सुरुवातीला सापडला तो ३८० कोटी डॉलरचा. म्हणजे घरभाडं भरायचं आणि वहीत लिहायचं की घर घेतलं! जमा-नावे दोन्ही जुळतात. कूपर आणि तिचे सहकारी रात्री कामानंतर थांबून त्या नोंदी शोधत होते.

आपल्याकडे ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षाने स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली पाच हजार चाळीस कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक नाहीच. हे गृहस्थ बी.कॉम. आणि अमेरिकेतून एम.बी.ए. पुढे २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत दोन लेखापरीक्षकही होते. त्यावर अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण बँकेत पैसे आहेत का, हे बँकेला नीट विचारून पाहणं, हे पेढीवरच्या पोराचंही पहिलं काम असतं.

तुम्ही म्हणाल, दोन्ही बाजूंना पदव्याच आहेत, मग पदवीने काय सिद्ध झालं? प्रामाणिकपणा सिद्ध झाला नाही, हे उघड आहे. पण एक गोष्ट झाली. वॉटकिन्स आणि कूपर यांना नोंद वाचता आली. प्रामाणिक माणसं त्या इमारतींत आणखीही असतील. त्यांना कळलंच नाही. प्रामाणिकपणाला डोळे लागतात, आणि ते डोळे शिक्षणाने येतात.

आता वडिलांचं सांगतो, आणि मग थांबतो.

माझे वडील सांगलीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळद, गूळ, शेंगा. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल. हिशेब शेजारी बसून शिकलेले. अक्षर असं की वही बघत राहावी, आणि तेरीज पहिल्या फटक्यात जुळायची. शेतकरी माल आणायचा, विक्री व्हायची, आणि अडत, हमाली, तोलाई वजा करून त्याच्या हातात पट्टी पडायची. ती पट्टी वडील लिहायचे.

ते ऐंशीच्या घरात असताना एका संध्याकाळी मला म्हणाले, 'एका हंगामात मी पट्टीवर खोटा दर लिहिला. विक्री एका दराने झाली, पट्टी दुसऱ्या दराची. मालक म्हणाले, लिहा. मी लिहिलं.' मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, 'हंगाम संपेपर्यंत. तू तेव्हा कॉलेजात होतास.' एवढंच बोलले. माझ्या फीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. कर्तव्य म्हणजे काय, संकल्पस्वातंत्र्य म्हणजे काय. आणि त्या शिक्षणाची एक बाजू जमेला होती तेव्हा दुसरी बाजू कुठल्या तरी शेतकऱ्याच्या नावे पडत होती. ती मंडळी कोण, मला ठाऊक नाही. ती बाकी फेडायला आता पत्ता नाही.

वडिलांना मी दोष देऊ शकलो नाही. ते खोटं ओळखू शकत होते, किंबहुना त्यांच्याइतकं कोणालाच ओळखता येत नव्हतं. त्यांच्याकडे नव्हती ती 'नाही' म्हणायची जागा. सनद नाही, संस्था नाही, दुसऱ्या दुकानात दाखवायला कागद नाही. नोकरी गेली असती की संपलं. म्हणून हिशेबाच्या पदवीला मी हसत नाही. एन्रॉनवाल्यांकडे ती जागा होती आणि त्यांनी ती विकली. माझ्या वडिलांकडे ती नव्हतीच. या दोन गोष्टी मी एका खात्यावर टाकणार नाही.

आमच्या सोसायटीतली मुलगी गेल्या आठवड्यात पुन्हा आली. मी तिला म्हटलं, पगार, कर्ज, दोन वर्षं हा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला मांडशील. मी तीनच प्रश्न देतो. जो अभ्यासक्रम घेशील, तो तुला वही वाचायला शिकवतो की वाचल्यासारखं बोलायला? तो तुला टेबलाच्या दोन्ही बाजू दाखवतो की फक्त मालकाची खुर्ची? आणि तो पुरा केल्यावर, एखाद्या दिवशी साहेबाने 'लिही' म्हटलं, तर 'नाही' म्हणून बाहेर पडायला तुझ्या हातात काही असेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर कर्ज काढ. पण ते कर्ज एवढंही मोठं काढू नकोस की हप्त्याच्या भीतीने तुला 'नाही' म्हणताच येणार नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'काका, आमच्या साहेबांनी एकदा तसं सांगितलं होतं.' मी विचारलं, मग? ती म्हणाली, 'मी तब्येतीचं कारण सांगून रजा टाकली. दुसऱ्या कोणीतरी लिहिलं.'

ती कुठला अभ्यासक्रम घेणार हे अजून ठरलेलं नाही. माहितीपत्रकं गोळा करते आहे, सी.ए.चं आणि संध्याकाळच्या एम.कॉम.चंही त्यात आहे. ठरलं की सांगेन.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी आपण 'जबाबदारी' या शब्दाकडे वळू. त्यात 'जबाब' आहे, हे आज लक्षात आलंच असेल. प्रश्न असतील तर आता घेऊ.